सरकार कृपा करून सांगेल काय?

अकरा वर्षांची असताना मी वर्षभर सरकार होते. फणसवाडीत, आमच्या चाळीच्या वरच्या मजल्यावर, वकीलकाकांच्या घरी, तांदळाच्या कोठीवर बसून. पाय जमिनीला पोचत नसत.

समोर वकीलकाका उभे असत. उघडं अंग, खांद्यावर पंचा, हातात कागद. ते इंग्रज सरकारच्या कौन्सिलात मेंबर होते. तिथे एका बाजूला सगळे साहेब आणि साहेबांपुढे मान डोलावणारे, आणि दुसऱ्या बाजूला हे आणि यांच्यासारखे दोनचार. सरकारला जाब विचारायचा, हे यांचं काम. पण तो विचारण्याची रीत अशी की प्रश्न काही दिवस आधी लिहून द्यायचा. ठरल्या दिवशी उभं राहून तो वाचायचा. मग सरकारचा साहेब उठणार, लिहून आणलेलं उत्तर वाचणार आणि बसणार. संपलं. उत्तर कितीही फुसकं असो, त्यावर उलट प्रश्न विचारायचा नाही.

"बंदुकीत एकच गोळी, पोरी," काका म्हणत. "चुकली की पुढच्या बैठकीपर्यंत बसा माश्या मारत."

म्हणून प्रत्येक प्रश्न आधी माझ्यावर झाडून बघायचा. ते मराठीत विचारणार आणि मी सरकार होऊन सुटून दाखवणार. सुटले तर काकूंनी केलेल्या नारळाच्या वडीतली एक वडी मला. सापडले तर वडी नाही. मीच का, असं कोणी विचारेल. कारण उघड होतं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारं वाडीत दुसरं कोणी नव्हतं. काकांनी ते स्वतः पाहिलं होतं. वाळत घातलेल्या आंब्याच्या साटांपैकी एक साट मी पळवलं आणि काकूंच्या तोंडावर सांगितलं की साट पळवलेलं मी पाहिलेलं नाही. "हे खरं आहे," काका आतून ओरडले, "हिने स्वतःला पळवताना पाहिलेलं नाही! ही सरकारी उत्तर देते!" त्या दिवसापासून मी नोकरीला लागले.

पहिलाच प्रश्न मला आठवतो. "अमुक तालुक्यात विहिरी आटल्याच्या तक्रारी सरकारकडे आल्या आहेत काय?"

"आल्या नाहीत," मी म्हणाले.

"अगं, मी स्वतः ती पत्रं पाहिली आहेत!"

"मामलेदाराकडे आली असतील. सरकारकडे आली नाहीत."

काका कागद टाकून खोलीभर नाचले. हो, नाचले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, पंचा एकीकडे. "सुटली! बघितलंस का, कशी सुटली चोर! हेच म्हणणार होते ते!" मग कागदावर काही खोडलं, काही लिहिलं, पुन्हा विचारलं. मी पुन्हा सुटले. पाचव्या वेळी अडकले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की वडी बुडाल्याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण थोडं.

त्या माणसाला साधं बोलता येत नसे. सकाळी न्हावी गालाला साबण लावायचा आणि काका सुरू. "सरकार कृपा करून सांगेल काय? अ, या वस्तऱ्याला धार आहे काय? ब, असल्यास ती कधी लावली? क, नसल्यास माझा गाल कोणत्या अधिकाराने धरला आहे?" न्हावी म्हणायचा, "क म्हणजे तोंड मिटा." काकूंना ते म्हणत, "आमटीत मीठ नसल्याच्या तक्रारी सरकारकडे आल्या आहेत काय?" काकू मिठाचं भांडं त्यांच्या पानाशेजारी आदळायच्या. कौन्सिलच्या भाषेत उत्तर टेबलावर ठेवलं, असा त्याचा अर्थ.

माहीमच्या कोळीवाड्यातून एक मासळीवाली यायची, हिरा. अंगाने दणकट, आवाज असा की तिसऱ्या वाडीतली मांजरं जागी होत. काका वरून विचारायचे, "ही सुरमई आजची आहे काय?"

"सरकारला म्हायती नाय," हिरा खालून ओरडायची.

"डोळे का लाल दिसतात तिचे?"

"उलट परस्न नाय, वकीलसाब! रूल हाय!"

सगळी चाळ हसायची, आणि काकासुद्धा. मासा मात्र घ्यायचे काकूच, त्याही कल्ले उचलून पाहिल्यावर.

वकिलीत त्यांचं फारसं चालत नसे. न्यायाधीशालाही प्रश्न विचारणारा वकील अशिलाला परवडत नाही. घरात कोण जेवलं, कोण उपाशी आहे, याचा त्यांना पत्ता नसायचा. मी तासन्‌तास कोठीवर बसले तरी पाणी हवं का, एवढंही विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न कधी सुचला नाही. ते काम काकूंचं होतं. चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. उपयोगी होता. चांगली माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांतली वेळेला फार थोडी उपयोगी पडली.

त्या साली मुंबईत प्लेग होता. घरोघर तपासणीच्या टोळ्या फिरायच्या. ताप असेल, काखेत-जांघेत गाठ असेल, त्याला डोलीत घालून न्यायचे. माझ्या आईच्या पायात काच गेली होती आणि तिला अवधाण आलं होतं. जखमेमुळे जांघेत गाठ येते ती, प्लेगची नव्हे. थोडा तापही होता. मी वर काकूंकडे होते, बाबा छापखान्यात होते. ते इंग्रजी खिळे जुळवायचे. टोळी आली, गाठ पाहिली आणि घेऊन गेली. मी खाली आले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि भिंतीला ओला चुना. त्याचा वास अजून नाकात आहे.

काकूंनी मला वर ठेवून घेतलं. बाबा रोज कामावरून सुटले की आईला शोधायला निघत. परळकडे, माहीमकडे, जिथे जिथे माणसं नेली म्हणत तिथे. फाटकावर शिपाई असायचा. यादीत नाव असेल तर आत निरोप जाईल, नाहीतर परत. वहीत बायका नवऱ्याच्या नावाखाली लिहीत. बाबा स्वतःचं नाव सांगत, "यांची बायको" असं कारकून वहीत पाहत, आणि वहीत ती नसे. एक आठवडा गेला. दुसरा गेला. बाबांनी बोलणं सोडलं. चाळीतल्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या तेव्हा मी समजले की त्यांनी आईला मेलेलीच धरलं आहे.

वकीलकाकांना हे कळलं तेव्हा त्यांनी हाय म्हटलं नाही की अरेरे म्हटलं नाही. "तारीख कोणती? वेळ काय? टोळीत किती जण?" आणि कागद ओढला. सरकारी कचेरीत दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच उत्तर आलं: या नावाच्या माणसाची बायको आमच्या यादीत नाही.

"ठीक आहे," काका म्हणाले. "कौन्सिलात विचारतो." आणि माझ्याकडे वळून, "चढ कोठीवर."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिची आई आहे ती. तिला कशाला बसवता?"

"दुसरं सरकार कुठून आणू?"

मी चढले. मला बसायचंच होतं.

"फणसवाडीतून अमुक दिवशी नेलेली बाई, अमक्याची बायको, सध्या कुठे आहे, हे सरकार कृपा करून सांगेल काय?"

मी मांडीवर खोटी वही उघडली. बोट वरून खाली नेलं. "या नावाच्या माणसाची बायको यादीत नाही."

काकांनी प्रश्न बदलला. कोणत्या टोळीने नेली? "टोळ्या पुष्कळ आहेत." चौकशी केली काय? "केली. यादीत नाही." यादी बरोबर आहे काय? "बरोबर आहे." मी सुटत होते. प्रत्येक वेळी सुटत होते. स्वतःच्या आईला मी दहा वेळा हरवलं त्या सकाळी. काकांनी दर वेळी वडी माझ्यासमोर ठेवली, नियमाप्रमाणे. मी खाल्ली. भूक लागली होती.

शेवटी ते चिडले. कागद चोळामोळा करून फेकला. "अशी कशी नाही! नेली तर आहे! वहीत लिहिल्याशिवाय ते माशी नेत नाहीत, मग बाई कुठे गेली?"

"वहीत असेल," मी म्हणाले. "पण तुम्ही बाबांच्या नावाने शोधता. आई बाबांचं नाव सांगेल कशाला? ती कधी घेते का नाव?"

काकांनी फेकलेला कागद उचलून सरळ केला.

आता सांगते तर लोक हसतात. पण आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. मंगळागौरीला, बारशाला उखाण्यात घेतलं तर घेतलं, तेही दहा जणींनी अडवल्यावर. परक्या पुरुषासमोर तर जीव गेला तरी नाही. हे वकिलाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. दोन पत्रं लिहिताना सुचलं नाही. बाबांना सुचलं नाही. स्वतःच्या घरात वीस वर्षं "अहो" ऐकणाऱ्या माणसांना ते ऐकू येईनासं होतं.

"अगं, बाहेर ये," काका ओरडले. काकू हात पुसत आल्या. "तुला कोणी विचारलं, नवऱ्याचं नाव काय, तर काय सांगशील?"

"गल्लीत कोणालाही विचारा म्हणेन."

"आणि तिथे गल्लीतलं कोणी नसलं तर?"

"तर गप्प बसेन."

"कारकून दरडावेल."

"दरडावू दे मेल्याला."

खाली हिरा पाटी उतरवत होती. काका कठड्यावरून ओणवले. "हिरे! तुला नवऱ्याचं नाव विचारलं तर?"

"पांडू!" सगळ्या वाडीला ऐकू गेलं. "परवा टेशनात इचारलान मेल्यानं. सांगितला. दर्यावर हाक मारायची तर नाव नको घ्यायला?"

मग काका काय नाचले! पडता पडता राहिले. "रिकामा रकाना! रिकाम्या रकान्यात बसली आहे तुझी आई! आणि तिच्यासारख्या किती असतील देव जाणे!" लगेच बसून नवा प्रश्न लिहिला. अ, सरकारच्या यादीत नवऱ्याचं नाव न लिहिलेल्या बायका किती? ब, इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे सरकारला ठाऊक आहे काय? क, या बायकांची यादी वय, अंगावरच्या खुणा आणि कुठून आणलं यांसह सरकार टेबलावर ठेवील काय?

"बोल, सरकार!"

मी परकराची किनार चाचपली. किती ते ठाऊक नाही म्हणावं, तर आपण कोणाला कोंडलं आहे तेच ठाऊक नाही असं होतं. किती ते सांगावं, तर यादी आहे हे कबूल होतं, आणि आहे तर टेबलावर का नाही? नाव न घेण्याची चाल ठाऊक नाही म्हणावं, तर एवढी वर्षं राज्य कोणावर करता? ठाऊक आहे म्हणावं, तर रकाना रिकामा का सोडलात? मी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. कुठे फट नव्हती.

"अडकले," मी म्हणाले.

वर्षात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. वडी मागितली नाही आणि काकांनी दिलीही नाही. नियम म्हणजे नियम.

प्रश्न लिहून गेला. मधले दिवस कसे गेले ते विचारू नका. बैठकीच्या सकाळी काकांनी पागोटं घातलं, लांब अंगरखा घातला, आणि बाबांना म्हणाले, "पोरीला घेऊन या. प्रेक्षकांचे दोन पास काढलेत. सरकारने सरकार पाहायला हवं." ट्रामने आम्ही कोटात, म्हणजे फोर्टात, गेलो. वरच्या सज्जात आम्हाला बसवलं. माझ्या परकराला काकूंनी इस्त्री म्हणून गरम तांब्या फिरवला होता, एवढं आठवतं. खाली केवढं लांब टेबल! खुर्च्यांवर लाल चेहरे. खरं सरकार कोठीवर बसत नाही हे पाहून माझी थोडी निराशा झाली.

काका उठले. घरी बोलतात तसं अजिबात नाही, सावकाश वाचलं. मला इंग्रजी येत नव्हतं. बाबा कानाशी पुटपुटत होते. मग एक उंच साहेब उठला. काकांनी मला बजावलं होतं, त्याच्या तोंडाकडे पाहू नकोस, हाताकडे पाहा. मी पाहिलं. त्याने कागद उलटा धरला, सुलटा केला, पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी हे ओळखत होते! कोठीवर अडकताना मी अशीच परकराची किनार चाचपायची.

"अडकलाय, बाबा," मी म्हणाले.

"गप."

"अडकलाय तो!"

साहेबाने आकडा वाचला. सभेत कुजबुज झाली. बाबांची बोटं माझ्या दंडात रुतली. चाल सरकारला ठाऊक आहे, साहेब म्हणाला. यादी टेबलावर ठेवली आहे. आणि बसला.

आता उलट प्रश्न विचारता येत नव्हता. काकांनी विचारला नाही. ते खुर्चीवर बसलेही नाहीत. सरळ टेबलापाशी चालत गेले, यादी उचलली आणि तिथेच उभ्याने वाचू लागले, बोट एकेका ओळीवर ठेवून. वरच्या खुर्चीतला साहेब काहीतरी म्हणाला. काकांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि वाचत राहिले. टेबलावर ठेवलेला कागद वाचू नये असा नियम कुठे आहे? पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग एकदम मान वर करून त्यांनी आमच्या सज्जाकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने आपलं डावं मनगट पकडून उंच धरलं.

आईच्या डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं.

"आहे!" बाबा उभे राहून ओरडले. "आहे! आहे!" महिनाभर पुटपुटण्यापलीकडे आवाज न काढलेला माणूस. पट्टेवाल्याने आम्हा दोघांना बाहेर काढलं. आम्ही पायऱ्यांवरून पळतच सुटलो.

परळला फाटकावर बाबांनी या वेळी नाव सांगितलं नाही, मनगट सांगितलं. आई आत ओसरीवर बसून सूपभर तांदूळ निवडत होती. पाय बरा झाला होता. प्लेग तिला झालाच नव्हता. पण सोडायचं कोणाच्या हाती, हे वहीत नसल्यामुळे तिला सोडलं नव्हतं. आम्हाला पाहून ती म्हणाली, "इतके दिवस काय करत होतात?"

बाबा रडत होते म्हणून मीच विचारलं, "नाव का नाही सांगितलंस?"

"त्या मिशीवाल्याला? मेले असते तरी सांगितलं नसतं."

मेलीच असती. माझी आई होती ती, मला ठाऊक आहे.

त्यानंतर वकीलकाकांना नवं वेड लागलं. विहिरीवर पाण्याला आलेल्या बायकांना ते वरून म्हणायचे, "नवऱ्याचं नाव सांगा बघू! मोठ्याने!" बायका पदरात तोंड खुपसायच्या. एखादी धीट उखाणा जुळवू लागली की हे कपाळावर हात मारून घ्यायचे. "उखाणा नको गं! साहेब यमक लिहून घेत नाही! नुसतं नाव!" काही जणी शिकल्या. माझी आईसुद्धा पुटपुटायला शिकली. काकू मात्र शिकल्या नाहीत. "आधी स्वतःच्या घरात सुधारणा करा," असं चाळ म्हणायची, आणि काका वरमून आत जायचे.

पुढच्या वर्षी एका सकाळी काका सज्जात बसले होते. पंचा नेसलेले, उघडे, आणि मानेला जवसाचं पोटीस, कारण गळू झालं होतं. टोळी आली. गोरा डॉक्टर, दोन शिपाई, वही घेतलेला देशी कारकून.

"नाव?"

"कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली विचारता, हे सरकार कृपा करून सांगेल काय?"

"नाव सांगा, म्हातारबा."

"आधी कलम. कलम नाही? मग नावही नाही."

तापाने डोळे लाल झाले होते, पण मजा येत होती त्यांना. डॉक्टरने घड्याळ पाहिलं, पोटिसाकडे पाहिलं, मान हलवली. शिपायांनी काकांना धरून खाली आणलं आणि डोलीत बसवलं. मी किंचाळले, "वकील आहेत ते, कौन्सिलचे!"

"इथे दर चाळीत एक वकील आहे," कारकून म्हणाला, आणि वहीत लिहिलं. मी त्याच्या कोपराशी होते, मला वाचता येत होतं. नाव सांगत नाही.

रिकामा रकाना. मी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या. डोक्यावर पदर, हातात पळी. अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. विहिरीवर बायका होत्या, पुरुष होते, गोरा होता. काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं. मग सासऱ्याचं. मग आडनाव. उखाणा नाही, काही नाही. हिराच्या आवाजात. काय नाव घेतलं ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

कारकून गोऱ्याकडे वळला. काकूंनी पुन्हा घेतलं. पळी वहीकडे रोखली. "लिहा. फणसवाडी. कौन्सिलचे मेंबर. माझे यजमान. लिहिलंत? वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं. काकूंनी एक चूक काढली आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. डोलीत काका उठून बसले होते. पोटीस मानेवरून छातीवर घसरलं होतं आणि तोंड उघडं होतं, पण त्यातून प्रश्न येत नव्हता. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी काका परत आले. नाव वहीत होतं, त्यामुळे बाबांनी फाटकावर विचारलं आणि शिपायाने काकांना बाहेर आणून सोडलं. गळू फुटलं होतं. अंघोळ करून काका पाटावर बसले. काकू वाढत होत्या. मी सवयीने कोठीवर.

"परवा अंगणात माझं नाव घेतलं गेलं, हे खरं काय?" काकांनी विचारलं.

"होय," काकू म्हणाल्या.

"मग कृपा करून आत्ता एकदा..."

"उत्तरावर उलट प्रश्न चालत नाही," काकू म्हणाल्या आणि मिठाचं भांडं त्यांच्या पानाशेजारी ठेवलं.

सरकार सुटलं होतं. मी डब्यातून वडी काढून काकूंपुढे धरली. त्यांनी ती उभ्याउभ्या खाल्ली.